नापसंत उमेदवाराचं म्हणणं

नोकरी नाकारली गेली की आपल्या वस्तीत दोन जातींची माणसं लगेच दारात येऊन बसतात. जात हा शब्द मुद्दाम वापरला. या दोन जातीही एकमेकींच्या हातचं पाणी पीत नाहीत.

पहिल्या जातीचा माणूस म्हणतो, ‘आरं, सांगितलं होतं तुला. आपल्या आडनावाला कोण घेतंय? उगाच इस्त्रीचे पैसे घालवलेस.’ दुसऱ्या जातीचा म्हणतो, ‘पॉझिटिव्ह राहा. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. तूच कुठंतरी कमी पडला असशील, पुढच्या वेळेला हसऱ्या चेहऱ्यानं जा.’ पहिला बहुतेक जुना कार्यकर्ता असतो, मोर्चे काढून काढून थकलेला. दुसरा बहुतेक आपल्यातूनच वर सरकलेला, सोसायटीत राहायला गेलेला, जयंतीला तेवढा वस्तीत उगवणारा. दोघंही वाईट नाहीत. दोघांनाही तुझी काळजी आहे. पण मित्रा, नीट कान देऊन ऐक. दोघं तुला एकच गोष्ट सांगतायत : गप बस. एकानं तुझ्या नकाराचं नशीब केलं, दुसऱ्यानं तुझ्या मनाचा आजार केला. ज्यानं नाकारलं तो साला दोन्हीकडून सुटला.

मला या दोघांशीही भांडायचंय. आणि भांडून झाल्यावर उमेदही धरायचीय. ती मी कुणाला सोडून देणार नाही.

मागं आमच्या समाजमंदिरात व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर भरलं होतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली पडदा, पडद्यावर उगवता सूर्य. वक्ता टाय लावून आलेला, पंखा बंद पडल्यानं घामानं निथळत होता. त्यानं सांगितलं, विचार लोहचुंबकासारखे असतात. चांगला विचार करा, चांगली नोकरी ओढली येईल. रोज सकाळी आरशापुढं उभं राहून एकवीस वेळा म्हणा, मी जिंकणार, मी जिंकणार. आमच्या टोळीतला एक जण मागून बोलला, ‘साहेब, आमच्या घरातला आरसा दाढीपुरता हाय. अख्खा माणूस त्यात मावत न्हाय.’ सगळे हसले. वक्ताही हसला. त्याच्या धंद्यात हसणं सक्तीचं असतं.

हे ज्ञान आलं कुठून? हुतात्मा चौकाच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत असली पुस्तकं ढिगानं पडलेली असतात. त्यांच्या मोठ्या पूर्वजांपैकी एक म्हणजे नॉर्मन व्हिन्सेंट पील, न्यूयॉर्कचा पाद्री. सकारात्मक विचाराच्या शक्तीवरचं त्याचं पुस्तक 1952 साली निघालं आणि जगभर खपलं. 1952! त्या साली त्याच अमेरिकेत, दक्षिणेकडच्या राज्यांत, काळ्या माणसाला बसमध्ये मागं बसावं लागत होतं. गोऱ्यांच्या शाळेत काळ्या पोराला बाक नव्हता. माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी आरशापुढं उभं राहून ती बस बदलली नाही. 1955 च्या डिसेंबरात त्यांनी त्या बसमध्ये चढायचंच सोडलं. 381 दिवस पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, मोलकरणी मैलोन्‌मैल चालत कामावर गेल्या. कोर्टात लढले. मग बस बदलली. मला खात्री आहे, त्या चालणाऱ्यांना रोज सकाळी प्रसन्न वगैरे वाटत नसणार. पाय दुखत असणार. पण उमेद होती. प्रसन्न चेहरा आणि उमेद ह्या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करून घे.

उमेद हा शब्द तर अर्जातच बसलाय. अर्ज करणाऱ्याला आपली भाषा उमेदवार म्हणते. उमेद बाळगतो तो उमेदवार. पूर्वी कचेरीत काम शिकत बिनपगारी बसणाऱ्यालाही उमेदवारच म्हणायचे. त्या हिशेबानं आमच्या बापजाद्यांनी गावात पिढ्यान्‌पिढ्या उमेदवारीच केली. मेलेली ढोरं ओढली, सांगावे नेले, वेशीवर राखण केली, आणि नेमणुकीचा कागद कधीच आला नाही.

आता माझं. मी मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी पास. गोदीत कंत्राटदाराकडं टोळीत काम करतो. स्टीलच्या कॉईल, पोती, जहाजाच्या पोटातून निघेल ते. कविताही करतो, तिथं तर हजेरीपुस्तकही नाही. खाडीपलीकडच्या एका खाजगी गोदामात टॅली क्लार्कची जागा निघाली. किती नग उतरले, किती फुटले, किती कमी आले याचा कागदावर हिशेब धरणारा तो टॅली क्लार्क. हे काम मला येतं. गेली दोन वर्षं आमच्या मुकादमाची टॅली मीच लिहितो, कारण संध्याकाळनंतर मुकादमाला सहा आणि नऊ सारखेच दिसतात. मार्का वाचता येतो, कॉईलवरचे इंग्रजी नंबर वाचता येतात, फाटलेल्या पोत्यातून किती माल सांडला ते डोळ्यानं सांगता येतं.

लेखी परीक्षा झाली, हिशेब बरोबर आला, आत बोलावलं. टेबलापलीकडं तिघं. पहिला प्रश्न : गाव कुठलं? सांगितलं. दुसरा : गावात घर कुठल्या आळीला? बघ, किती प्रेमानं विचारलं! तिसरा : वडील काय करतात? गोदीत होते, निवृत्त झाले. आजोबा? तेही गोदीत. मग मधला हसून म्हणाला, ‘म्हणजे घरात शिक्षणाचं वातावरण नाही.’ टॅलीबद्दल एक प्रश्न नाही. मालाबद्दल एक नाही. चार दिवसांनी मोबाईलवर दोन ओळी आल्या. आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला, सध्या आपली निवड होऊ शकत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

शुभेच्छा! खडा मारायचा आणि वर साखर वाटायची.

यानंतरचे दिवस कसे जातात ते त्या फूटपाथवरच्या पुस्तकांत नसतं, म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी दु:ख होतच नाही. पहिल्या दिवशी लाज वाटते. शेजाऱ्याचे बूट मागून नेलेले असतात, ते परत द्यायला गेलं की तो विचारणार. वाण्याला सांगून ठेवलेलं असतं की पुढच्या महिन्यापासून उधारी बंद, तो विचारणार. आई नळावर बोलून बसलेली असते, ‘माज्या पोराला टेबलाचं काम लागतंय.’ तिला नळावरच्या बायका विचारणार. नकार एक आणि त्याच्या झेरॉक्स पंधरा. रात्री झोपेत तू त्या तिघांना उत्तरं देत राहतोस, आणि काय झकास उत्तरं सुचतात! घराण्याचं विचारता? आमच्या घराण्याच्या पाठीवरनं तुमचा अख्खा व्यापार गेलाय, असं काहीबाही. सकाळी उठल्यावर त्यातलं एकही आठवत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन उलटतं. तू त्यांच्या बाजूनं विचार करायला लागतोस. माझं इंग्रजीच कच्चं असेल. माझा शर्टच तसला. मी बसलोच वाकून. तू त्यांचा वकील होतोस आणि स्वतःवरच खटला चालवतोस. हा सगळ्यांत धोक्याचा दिवस.

माझ्या ओळखीतला एक पोरगा बी.कॉम. झालेला. तीन नकारांनंतर चार महिने दिवसाउजेडी खोलीबाहेर पडला नाही. रात्री संडासला जायचा तेवढा. त्याला कुणी शिवी दिली नव्हती, कुणी हाणलं नव्हतं. फक्त तीन कागद आले होते. पूर्वी आपल्याला बाहेर ठेवायला गावाला कूस बांधावं लागायचं. आता आपलं पोरगं स्वतःच्या हातानं आतून कडी लावून घेतं, म्हणजे त्यांचा तेवढाही खर्च वाचला.

त्या पोराला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणं म्हणजे काय? जो आधीच स्वतःला दोष देतोय त्याला सांगायचं की तुझ्यात अजून एक दोष निघाला, तुला हसता येत नाही.

मला या दिवसांतून टोळीनं बाहेर काढलं. फार काही केलं नाही त्यांनी. पाळीला गेलो तर तांडेलनं विचारलं, ‘काय रं, झालास का सायब?’ म्हटलं, नाय घेतलं. ‘का?’ म्हटलं, आजा गोदीत होता म्हणून. तांडेल जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मंग ही जहाजं काय त्यांच्या आज्यानं रिकामी केली व्हती?’ आणि हूक माझ्या हातात दिला. त्यानं माझं सांत्वन केलं नाही. त्यानं प्रश्नाचं तोंड फिरवलं, माझ्याकडनं त्यांच्याकडं.

तो प्रश्न डोक्यात घेऊन मी गोदीचा जुना हिशेब काढला. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गोदीत जहाजावरचा माल उतरवणारा माणूस कायमचा नसायचा. रोज गेटावर गर्दी. टोळीवाला येणार आणि बोट दाखवणार : तू ये, तू ये, तू नको. माझ्या आज्याचा बाप त्या गर्दीत उभा असायचा. आजा सांगायचा, बोट आपल्यावर यावं म्हणून माणसं टाचा उंच करायची. मित्रा, तुला-मला वर्षातनं एकदा-दोनदा नाकारतात. त्यांना रोज सकाळी नाकारायचे, आणि दुपारची भाकरी त्या बोटावर असायची.

लंडनच्या गोदीतही हाच प्रकार होता. तिथं 1889 च्या ऑगस्टात गोदीवाले संपावर गेले. तासाला सहा पेनी द्या, आणि एकदा कामावर बोलावलं तर निदान चार तासांचं काम द्या, अशी मागणी. पाच आठवडे टिकले. पोटं खपाटीला गेली तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी वर्गणी करून हजारो पौंड पाठवले. सहा पेनी घेऊनच कामावर परतले. आपल्याकडं 1931 साली शाही मजूर कमिशननं शिफारस केली की गोदी कामगारांची नोंदणी करा, त्यांची ही रोजची टांगणी संपवा. कागद पडून राहिला. माणसं ओरडत राहिली, युनियन बांधत राहिली. 1948 साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला. मग बोर्ड आलं, रजिस्टर आलं, माणसाला नंबर मिळाला, पाळीपाळीनं काम मिळू लागलं. आणि त्या योजनेत एक कलम होतं, ते वाचून मी उडालोच. डिसअपॉइंटमेंट मनी. म्हणजे निराशेचे पैसे! कामगार कामावर हजर झाला, पण काम सुरू झालं नाही, दुसरंही मिळालं नाही आणि त्याला परत पाठवलं, तर त्या परत पाठवण्याबद्दल त्याला पैसे द्यायचे.

समजलं का तुला? आमच्या आज्यांनी निराशा गिळली नाही. निराशेचा भाव ठरवला आणि वसूल केला. मला आजवर कुठल्या व्याख्यानात एवढी सकारात्मक गोष्ट ऐकायला मिळाली नाही.

ते दिवस गेले हेही सांगितलं पाहिजे. 1989 साली पलीकडं न्हावा शेवा सुरू झालं, माल कंटेनरात गेला. 1994 साली मुंबईचं गोदी कामगार बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. रजिस्टरवरची माणसं निवृत्त होत गेली, कामं कंत्राटात गेली. माझा बाप नंबरवाला होता. मी नाही. मला आज मुकादम कामावर घेतो किंवा घेत नाही. पूर्वी टोळीवाला बोट दाखवायचा, हा मोबाईलवर मिस्ड कॉल देतो.

आजा बिल्ला मिळाल्याची गोष्ट सांगायचा, पण त्याचा बाप बिल्ला न बघताच गेला. उमेदीचा हा भाग शिबिरवाले लपवतात. मागणारा वेगळा आणि मिळणारा वेगळा, असं आपल्या इतिहासात पुष्कळदा झालंय. लष्करभरतीचंच बघ. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या पलटणीत लढलेल्या महारांना 1892 च्या सुमारास भरती बंद झाली. का, तर तुम्ही लढाऊ जात नाही. हे कोरेगावच्या खांबावर ज्यांची नावं कोरलीत त्यांच्या नातवंडांना सांगितलं. एका सहीनिशी अख्ख्या जमातीला ‘सध्या आपली निवड होऊ शकत नाही’. गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी 1894 साली अर्ज लिहिला. 1900 साली ते गेले, भरती बंदच. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली थेट विलायतेला भारतमंत्र्याकडं निवेदन धाडलं. 1917 साली महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, 1921 साली मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो. पुन्हा मागणी. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. 1892 ते 1941, मोज. 49 वर्षं. पहिल्या अर्जाच्या वेळी जन्मलेलं पोर रेजिमेंट निघाली तेव्हा भरतीच्या वयाच्या कधीच पुढं गेलेलं होतं.

आमचा एक कॉम्रेड विचारतो, साम्राज्यवाद्यांच्या फौजेत शिरण्यात कसली आली क्रांती? त्याचा प्रश्न पुस्तकात बरोबर आहे. पण त्याच्या आज्याकडं बागायत होती. ज्याच्याकडं वीतभर जमीन नाही त्याला पलटण म्हणजे रोख पगार, पोराला शाळा आणि अंगावर शिवलेला कपडा.

आणि कॉम्रेडांचा विषय निघालाच आहे तर गिरणीतलंही बोलून टाकू. मुंबईच्या कापडगिरण्यांत पगार बरा होता तो विणाईखात्यात. त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमच्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटला असता. हा नकार मालकापेक्षा शेजारच्या साच्यावरच्या भावाचा होता, संपात आपल्याबरोबर घोषणा देणाऱ्याचा. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी बजावलं, आमच्या लोकांना विणाईखातं मोकळं करा ही मागणी यादीत घाला, नाहीतर आमचे लोक संपात नाहीत. कुरकुरत का होईना, पुढाऱ्यांना ती घालावी लागली. तेव्हा नकार देणारा नेहमी टाय लावून टेबलापलीकडंच बसलेला असतो असं समजू नकोस. कधी कधी तो आपल्याच बाकावर बसून बिडी मागतो.

बाबासाहेबांची बडोद्याची गोष्ट आता प्रत्येक शिबिरात स्लाईडवर असते. 1917 साली कोलंबियातून शिकून आलेला माणूस, नोकरी हातात, पण रात्र काढायला छप्पर नाही. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन हाकललं. पुढं मुंबईत शेअरबाजाराबद्दल सल्ला द्यायचा धंदा काढला, तर सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईकं थांबली. स्लाईड इथं थांबते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘संकटांवर मात करा’. पुढचं कुणी दाखवत नाही. हा माणूस 1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला, आणि 1943 च्या ऑगस्टात केंद्राच्या नोकऱ्यांत आपल्या लोकांसाठी 8.33 टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम निघाला. 1945 साली देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू झाली तेव्हा मजूर खातं त्यांच्याकडं होतं. स्वतःला नाकारलं गेलं त्याचा त्यांनी नियम बनवला, बाकीच्यांसाठी. याला संकटावर मात वगैरे म्हणून त्याची कॅलेंडरं छापू नका.

आता पहिल्या जातीच्या माणसाकडं वळतो, ‘आपल्याला कोण घेतंय’वाल्याकडं. त्याच्याजवळ पुरावा आहे, हे मी नाकारत नाही. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास छापून आला. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज धाडले. नावं बनावट, शिक्षण सारखं, फरक फक्त आडनावात. सवर्ण आडनावाला पुढचं बोलावणं येण्याचं जे प्रमाण, त्याच्या साधारण दोन तृतीयांश दलित आडनावाला. मुसलमान नावाला तर एक तृतीयांशच. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती करणाऱ्या साहेबांना विचारलं, माणूस कसा निवडता? आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो, असं साहेब म्हणाले. आणि घराणं? हां, ते मात्र बघतो. वडील काय करतात ते विचारतो.

विद्यापीठातल्या एका मित्रानं हे मला समजावून सांगितलं त्या रात्री मी शांत झोपलो. खरं सांगतो, बरं वाटलं. वाईट बातमीनं कुणाला बरं वाटतं का? वाटतं. चार दिवस जे ओझं मी एकटा वाहत होतो ते 548 ठिकाणी वाटलं गेलं. माझा शर्ट नव्हता कारण. माझं वाकून बसणं नव्हतं. माझ्यासाठी बसवलेला प्रश्न नव्हताच तो, तो आधीपासून टेबलावर पडलेला होता. जे मोजता येतं ते दैव नसतं. त्याच्याशी भांडता येतं.

म्हणून पहिल्या माणसाला मी म्हणतो, काका, तुमचा पुरावा बरोबर, निकाल चूक. आणि अजून एक, काका : प्रत्येक नकार जातीचा नसतो. कुठं संगणकाचं काम असतं आणि आपल्याला ते शिकवलेलं नसतं, कुठं जागा एक आणि अर्ज हजार असतात. सगळे नकार एकाच पोत्यात भरले तर कुठला माल कुजका ते कळणार कसं? टॅली करायला पाहिजे.

तीच आम्ही सुरू केलीय. वस्तीतल्या वाचनालयात एक वही ठेवलीय, लांब हिशेबाची, लाल कापडी बांधणीची. ज्याला कुठं नाकारलं त्यानं येऊन लिहायचं. तारीख, जागा, लेखी किती, तोंडी किती वेळ चालली, कोणकोणते प्रश्न विचारले ते शब्दाला शब्द, कारण दिलं का. वाटेल तेवढं रडगाणं सांगावं, पण वहीत फक्त हे. सुरुवातीला कुणी लिहीना. आपला नकार आपल्या हातानं लिहायचा म्हणजे भर चौकात सदरा काढण्यासारखं. पहिलं पान मी लिहिलं. दुसरं त्या बी.कॉम. पोरानं, रात्री साडेदहाला, वाचनालय बंद व्हायच्या वेळेला येऊन. आता वही वाचताना एक गोष्ट दिसते : ‘वडील काय करतात’ हा प्रश्न ओळीनं खाली खाली चाललाय, रेशनच्या रांगेसारखा. एकट्याच्या डोक्यात तो अपमान होता. एका वहीत तो पुरावा झाला.

सरकारी जागा असेल तर आणखी एक हत्यार आहे आणि आपली पोरं ते गंजवतात. 2005 चा माहिती अधिकार. दहा रुपये फी, साधा अर्ज, उत्तराला तीस दिवस. माझे लेखी गुण किती, तोंडी किती, निवड यादीतल्या शेवटच्याचे किती, राखीव जागा किती भरल्या, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून किती रिकाम्या ठेवल्या. प्रत्येक उत्तर मिळेलच असं नाही, अपील करावं लागतं. वस्तीतल्या एका बहिणीनं असा अर्ज केला. नोकरी मिळाली नाही, पण पुढच्या भरतीच्या वेळी तिच्याशी बोलताना कारकुनाचा ‘ए’चा ‘अहो’ झाला. केंद्राच्या खालच्या दर्जाच्या जागांसाठी 2016 सालापासून मुलाखतीच बंद केल्या. फार बरं झालं. घराण्याचा वास घ्यायला नाकच ठेवलं नाही. खाजगीत मात्र ना माहिती अधिकार, ना राखीव जागा. आणि नोकऱ्या तर तिकडंच पळाल्यात. तिथं भांडायला कागद नाही, तर आपणच कागद तयार करायचा. वहीचा उपयोग तिथं आहे. कामगार आयुक्ताकडं, आमदाराकडं, वर्तमानपत्राकडं जाताना हात हलवत जायचं नाही.

आपल्या साहित्यात ‘नकार’ हा मोठा शब्द आहे. आपण देवाला नकार दिला, वर्णाला दिला, त्यांच्या सौंदर्यशास्त्राला दिला, त्यावर परिसंवाद झाले. ठीक आहे. पण संध्याकाळी सहाला मोबाईलवर आलेल्या दोन ओळींपुढं आपलं पोरगं मोडून पडत असेल तर ते परिसंवाद काय चाटायचे? त्या पोराच्या खोलीची कडी वाजवायला कोण जातं ते मला सांगा. कविता मग वाचू.

वाचनालय रोज संध्याकाळी सात ते साडेदहा उघडं असतं. मी दुसऱ्या पाळीला नसेन तेव्हा तिथंच असतो. नकाराचा कागद किंवा मोबाईलवरचा मजकूर घेऊन ये. अर्ज लिहायला हात भरून येत असेल तर लिहून देतो, चहाचं तेवढं बघ.

खाडीपलीकडं आणखी एका गोदामात टॅली क्लार्क घ्यायचेत असं कळलंय. आमच्या टोळीतून तिघं अर्ज करतोय, मी आणि ते दोघं. काल रात्री वाचनालयात बसून एकाच पेनानं भरले. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात जागा कमी होती. मी समासात जाऊन लिहिलं : गोदी कामगार, नंबरवाले, निवृत्त. त्यांचे वडील : तेच.